मनोऱ्यातली काच

तुटलेली वस्तू रविवारी चर्चमध्ये दिसता कामा नये, हा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. बाकाचा पाय डुगडुगतोय, शनिवारच्या आत ठोका. खिडकीची काच फुटली, बदला. प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान निखळलं, खळ लावून चिकटवा. ते चाळीस वर्षं चर्चचे राखणदार होते. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, दफनभूमीत खड्डे खणायचे, सगळं एकहाती. त्यांना मुलगा नव्हता. मी त्यांच्या लेकीशी लग्न केलं, तेव्हा सासऱ्यानं लेकीबरोबर घंटेचा दोरही जावयाच्या गळ्यात बांधला, अशी मंडळीतल्या लोकांनी माझी खूप चेष्टा केली. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा घंटेमामा झालो. माझी बायको सोडून. ती मला "अहो, ऐकलंत का" म्हणते, आणि मी बहुतेक वेळा ऐकलेलं नसतं.

आमचं चर्च दीडशे वर्षांचं. दगड फोडणाऱ्या सहा घरांनी ते बांधलं. आधी ती माणसं पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करत. मग त्यांनी शेजारच्याच जमिनीतून दगड काढला आणि पक्क्या खडकावर चर्च उभं केलं. दगड काढून मोठा खड्डा झाला होता, तो माती आणि डबर टाकून बुजवला. पुढे तीसेक वर्षांनी मंडळी वाढली, तेव्हा त्या बुजवलेल्या जागेवर एका अंगाला मनोरा आणि दुसऱ्या अंगाला शाळा बांधली. दरवर्षी वर्धापनदिनाच्या उपदेशात जो कोणी पाळक असेल तो हेच सांगे, की ज्या खड्ड्यानं आपल्याला दगड दिले त्याच खड्ड्यावर आपला मनोरा उभा आहे. लोक माना डोलवत. मीही डोलवत असे.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड मनोऱ्याच्या बरोबर खाली, दाराशी. नवा जीव मंडळीत दारातून येतो, म्हणून कुंड दाराशी. मी वर दोर ओढायचा आणि खाली बाळ रडायचं. कुणी वारलं की त्याच्या वयाइतके ठोके द्यायचे. मला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं, आणि एकदा मोजलेलं मी विसरत नसे. अजूनही विचारा, पाववाल्याची आई किती ठोक्यांची होती. एक्याऐंशी.

घंटेच्या खोलीत, बावीस पायऱ्या चढून गेलं की पश्चिमेच्या भिंतीला एक भेग आहे. तिच्यावर आडवी एक काचेची पट्टी होती, वीतभर लांब, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा. कधीतरी ती मधोमध तडकायची. सासऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं, "ही तुटली की जुनी काढायची, नवी बसवायची. इमारतीची देखरेख असलेले वॉर्डन येऊन बघतात." एवढंच. त्यांनाही अक्षरओळख नव्हती, आणि त्यांना कुणी काही सांगितलं होतं असं वाटत नाही. तुटलेल्या पट्ट्या ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. मीही तेच केलं. पट्टी कापायची, सिमेंट कालवायचं आणि ओल्या फडक्यानं कडा साफ करायच्या, यात माझा हात इतका बसला की शाळा झाडणारी मोठीबाई एकदा ते शिकायला आली. मी शिकवलं. कशासाठी हवंय, ते विचारलं नाही. शाळेला खिडक्या पुष्कळ.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं मला अक्षरं शिकवली. तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. पाटी मला लाजिरवाणी वाटे, म्हणून ती मला दफनभूमीत घेऊन गेली. "बाबा, यातली अर्धी माणसं तुम्हीच पुरलीत. आता त्यांची नावं तरी वाचा," म्हणाली. दगडात कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत मी शिकलो. अजूनही अक्षर आधी माझ्या बोटाला कळतं, मग डोळ्याला.

तर यंदा दीडशेवा वर्धापनदिन. बिशप येणार, एकशे पन्नास ठोके पडणार, आणि त्याच वेळी कुंडावर एका बाळाचा बाप्तिस्मा. ते बाळ माझ्या लेकीचं, साडेतीन महिन्यांचं. त्याचे दुसरे आजोबा चर्चचे वॉर्डन, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. घरी मी त्यांना व्याहीबुवा म्हणतो आणि चर्चमध्ये साहेब. ते मला दोन्हीकडे व्याहीबुवाच म्हणतात, पण चर्चमध्ये जरा हळू.

बुधवारी मी घंटेच्या खोलीत नवा दोर ओवत होतो. जुना दोर दीडशे ठोके पेलेल की नाही, याची शंका होती. म्हणून आधीच्या रविवारीही घंटा वाजवली नव्हती. काम झाल्यावर भिंतीला टेकून बसलो. काचेच्या शेजारी भिंतीत पाटीएवढा एक काळा दगड बसवलेला आहे. दरवर्षी चुना लावताना मी त्याच्यावरूनही कुंचला फिरवत आलो होतो. टेकलेल्या हाताला दगडात खाचा लागल्या. बोट फिरवलं. ह. काना नाही, दीर्घ वेलांटी. ही.

मला मौज वाटली. खिशातल्या चाकूनं मी चुना खरवडायला घेतला. ही. काच. तड. इथे थांबलो, जोडाक्षर होतं. तडकल्यास.

पुढचं वाचायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. एकेक अक्षर खरवडायचं, फुंकर मारायची, बोट फिरवायचं. 'ही काच तडकल्यास भिंत सरकत आहे असे समजावे. घंटा थांबवावी. मनोरा व खालची जागा रिकामी करावी.' खाली गवंड्याचं नाव आणि साल.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाचता येऊन दोनच वर्षं झाली होती, चूक होऊ शकत होती. तिसऱ्यांदा वाचलं. तेच होतं. शेजारी पट्टी लखलखत होती. गेल्याच शुक्रवारी मी बसवलेली.

घरी आलो तो बायको बाळाच्या झबल्याला लेस लावत होती. "दोर ओवला का?" तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सुई खाली ठेवली.

"माझे बाबा बदलायचे ना काच," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे त्यांचंही नाव निघणार."

"निघेल."

तिनं लेसची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "निघू दे. ते गेले. आता हे बाळ घालवायचंय का?" आणि झबलं माझ्यापुढे धरलं. माझ्या तळहाताएवढं होतं ते.

गुरुवारी दुपारी मी तुटक्या पट्ट्यांचा डबा घेऊन पाळकसाहेबांच्या खोलीत गेलो. ते तरुण आहेत, आठच महिने झाले येऊन. व्याहीबुवा तिथेच बिशपांच्या खुर्च्यांचा नकाशा काढत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

व्याहीबुवा आधी हसले. "अहो, पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः टॉर्च घेऊन वर गेलो होतो. काच अखंड. अकरा वर्षं बघतोय. दरवर्षी अखंड. रिपोर्टात माझी सही आहे."

"ती मी बदललेली असायची, साहेब."

"काय?"

"तुटली की मी नवी बसवतो."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागून माणूस निघून गेल्यासारखं वाटलं. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? कुणी सांगितलं होतं तुम्हाला तिला हात लावायला?"

"सासऱ्यांनी. रविवारी तुटकं दिसू नये म्हणून."

"वा! म्हणजे मी अकरा वर्षं तुमच्या हातची कारागिरी तपासत होतो." ते पाळकांकडे वळले. "साहेब, एखाददुसरी तडकते. उन्हानंही तडकते. बिशप येणार आहेत, पत्रिका गेल्यात. सोमवारी इंजिनियर बोलावू. व्याहीबुवा वाचायला शिकले, आनंद आहे. पण म्हणून प्रत्येक पाटी वाचून घाबरायचं का?"

मी डबा टेबलावर पालथा केला. पट्ट्या खणखणत पडल्या. तळाच्या पाच सासऱ्यांच्या, कडा काळ्या पडलेल्या. वरच्या चौदा माझ्या.

"यांच्यावर तारखा आहेत?" पाळकांनी विचारलं.

"नाहीत. पण मला ठाऊक आहेत." मी पहिली उचलली. "ही मी कामाला लागल्यावर वर्षानं. पोस्टमनच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या आठवड्यात." दुसरी उचलली. "ही पाववाल्याच्या आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पाळक उठले. त्यांनी कपाटातून बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची अशा तिन्ही नोंदवह्या काढल्या. मी सांगत गेलो, ते पानं उलटत गेले. शिंपीणकाकूंचं दुसरं लग्न. शाळेच्या हेडमास्तरांचं दफन, सत्तावन्न ठोके. व्याहीबुवांच्या मुलाचं आणि माझ्या लेकीचं लग्न. त्याच आठवड्यात एक तुटली होती. तेव्हा व्याहीबुवांनी मान वर केली. एकही तारीख चुकली नाही. पाळक एका कागदावर दोन पट्ट्यांमधलं अंतर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असा कागद वाचला, ज्यात सगळं माझंच होतं. नऊ वर्षं. सात. पाच. चार. तीन. दोन. एक. आठ महिने. पाच. तीन. चाळीस दिवस. एकवीस दिवस. बारा.

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

"शेवटची कधी बसवलीत?" व्याहीबुवांनी विचारलं.

"गेल्या शुक्रवारी."

"मग आज सहावा दिवस. चला बघू."

बावीस पायऱ्या. व्याहीबुवांना दम लागला, तरी ते पुढे. काच अखंड होती. त्यांनी तिच्यावर टॉर्च मारला, नख वाजवलं. "बघा. आहे की नाही जशीच्या तशी?"

"शुक्रवारपासून घंटा वाजली नाही," मी म्हणालो.

"मग वाजवा."

"मी नाही वाजवणार."

चौतीस वर्षांत मी कुणाला हे शब्द बोललो नव्हतो. व्याहीबुवांनी माझ्याकडे पाहिलं, कोट काढून पाळकांच्या हातात दिला आणि स्वतः दोर धरला. त्यांना ओढता येत नव्हता. पहिला ठोका फुसका पडला. दुसरा बरा. तिसरा पूर्ण पडला, पायाखालची फळी थरथरली, आणि त्या आवाजाच्या शेपटाला मला तो दुसरा आवाज ऐकू आला. टिक. नखानं कप वाजवावा तेवढा.

व्याहीबुवांनीही तो ऐकला असावा. दोर त्यांच्या हातातून सुटला आणि वर जाऊन झुलत राहिला. पट्टी मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांच्या कडा एका रेषेत नव्हत्या. एक केसभर पुढे आला होता. भेगेतून बारीक चुना गळत होता. तो थेट खाली जात होता, फळ्यांच्या फटीतून, कुंडावर.

"तीन," पाळक म्हणाले. बाकीचे एकशे सत्तेचाळीस कुणी बोलून दाखवले नाहीत.

खाली आल्यावर व्याहीबुवा कुंडाजवळ थांबले, त्याच्या काठावरची पांढरी भुकटी त्यांनी बोटावर घेतली आणि अंगठ्यानं चोळली. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "माझ्या अकरा सह्यांचं काय करायचं हो?" मी दाराला कुलूप घातलं.

पाळकांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना निरोप धाडले. चर्च बंद. रविवारची उपासना शाळेच्या हॉलमध्ये. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि बायकोनं तोंड भरून टोमणाही मारला.

रविवारी हॉल गच्च भरला. बाकं, खुर्च्या, मुलांची बुटकी टेबलं, मिळेल त्यावर माणसं बसलेली. पुढे टेबलावर पितळी घंगाळात पाणी. बिशप आले, गायनवर्गानं गीत म्हटलं. घंटा नव्हती, म्हणून गीत सुरू होताना सगळ्यांनी सवयीनं क्षणभर वाट पाहिली. मी मागे भिंतीपाशी उभा होतो. चौतीस वर्षांत पहिलाच रविवार, जेव्हा माझ्या हातांना काम नव्हतं. मोठीबाई माझ्या शेजारी, नवी साडी, हातात चाव्यांचा जुडगा.

रिकामा माणूस भिंती वाचतो. मी पाढ्यांचा तक्ता वाचला. सूचना वाचल्या. दाराशेजारचं कपाट माणसांना जागा व्हावी म्हणून सरकवलेलं होतं. त्याच्या मागची भिंत उघडी पडली होती. तिच्यावर एक काचेची पट्टी होती. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. कडा ओल्या फडक्यानं साफ केलेल्या. मी करतो तशा.

मी अंगठा सिमेंटवर दाबला. रुतला.

"मोठीबाई," मी कुजबुजलो, "ही?"

"काल संध्याकाळी बसवली, मामा. चांगली जमली ना?" ती खुशीत होती. "पाहुणे येणार, तुटकी कशी ठेवायची?"

"आधीची कधी तुटली?"

"गुरुवारी. तुम्ही लोकांनी घंटा वाजवलीत ना दुपारी, मी इथेच झाडत होते. टिक करून गेली." ती बोटं मोजू लागली. "यंदाची चौथी. तुम्ही शिकवलंत म्हणून, नाहीतर दरवेळी माणूस बोलवावा लागला असता."

पट्टीशेजारी भिंतीला तेलरंगाचे थर होते. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं. रंग जाड होता, पण खाली खाचा होत्या. ह. दीर्घ वेलांटी. मी पुढे वाचलं नाही.

टेबलापाशी बिशपांनी माझ्या नातवाला हातात घेतलं होतं. लेक समोर उभी होती, तिच्या शेजारी माझी बायको. उपासनेत मी कधी तोंड उघडलेलं नाही.

"थांबा," मी ओरडलो. "सगळे बाहेर चला."

तीनशे माणसांनी माना वळवल्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी "घंटेमामांना काय झालं?" म्हणालं. बिशप बाळाला धरून तसेच उभे. व्याहीबुवा पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, मग बोटाशेजारच्या काचेकडे. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. उठले, दोन्ही दारं सताड उघडली आणि साइटवर मजुरांना बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत ना? बाहेर. मागच्या रांगा आधी. पळायचं नाही, ढकलायचं नाही. आजीबाई, पर्स राहू द्या."

मी दारात उभा राहून माणसं मोजली. लेक बाळाला छातीशी धरून माझ्यासमोरून गेली. बायको घंगाळ घेऊन. "अर्धं सांडलं," ती म्हणाली. शेवटी बिशप, त्यांच्या मागे पाळक, व्याहीबुवा आणि मी.

"कुठं न्यायचं सगळ्यांना?" व्याहीबुवांनी विचारलं. "बुजवलेली जमीन कुठवर आहे, कुणाला ठाऊक?"

मला ठाऊक होतं. दफनभूमीच्या वरच्या कोपऱ्यात एकही थडगं नाही. तिथे हातभर खणलं की कुदळीतून ठिणगी उडते, खाली सगळा खडक. चौतीस वर्षांत मला तिथे कुणालाही पुरता आलेलं नाही. मी त्या सगळ्यांना थडग्यांमधून तिथे नेलं. सहा घरांची पहिली शेडही तिथेच होती म्हणतात.

बाप्तिस्मा तिथेच झाला. घंगाळात ओंजळभर पाणी उरलं होतं, ते पुरलं. बाळ रडलं. बिशपांनी आशीर्वाद दिला. मग कुणालाच घरी जावंसं वाटेना. सगळे उभे राहून खाली पाहत होते. मनोरा उभा होता. शाळा उभी होती. दारं उघडीच राहिली होती आणि आतल्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. वारा नव्हता.

मोठीबाई माझ्याजवळ आली. "मामा," ती म्हणाली, "कालची ती पट्टी. ती तुटली तर आता बदलायची नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "पण बघायलाही आत जायचं नाही."

व्याहीबुवांनी खिशातून घड्याळ काढलं, वेळ पाहिली आणि माझ्याकडे कागद-पेन्सिल पुढे केली. "लिहा," ते म्हणाले. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली. पुढे लिहायचं ते अजून घडायचं होतं, म्हणून आम्ही उभे राहिलो, आणि ऐकत राहिलो.